कोकोपीट हे खत नाही!

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दरवर्षी हेच बघते, आईबाबा हौसेने पोरांना घेऊन बाल्कनीत भाज्या लावायला बसतात, कुंडी काठोकाठ कोकोपीटने भरतात आणि वर सांगतात, "नारळाचं खत घातलंय, आता अजून काय पाहिजे?" अहो, खत नाहीये ते.

कंपोस्ट तुम्हाला माहितीच आहे, ओला कचरा कुजून झालेलं, काळं, ओल्या मातीसारखा वास येणारं. ते झाडाचं जेवण. हाताला गरम लागलं किंवा आंबूस वास आला तर अजून कच्चं आहे, थोडं थांबा, बाकी काही नाही.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरतो तो भुसा. पाणी धरून ठेवणं आणि मुळांना हवा मिळेल इतपत माती मोकळी ठेवणं, हे त्याचं काम आणि ते ते फार छान करतं. पण त्यात झाडाला खायला जवळपास काहीच नाही.

मग लोक फसतात कुठे? तर कोकोपीटमध्ये बी मस्त उगवतं! इथेच सगळा घोळ आहे. चवळीचा दाणा रात्रभर भिजवा, सकाळी पोराच्या हातात द्या, साल काढून हळूच दोन फाकी करायला सांगा. मधे एवढुसा कोंब दिसेल आणि दोन्ही बाजूंना जाड डाळ. ती डाळ म्हणजे कोंबाची शिदोरी. सुरुवातीचे दिवस रोप त्या शिदोरीवरच वाढतं, खाली कोकोपीट आहे का ओला कापूस, त्याला काही फरक पडत नाही. शिदोरी संपली की ते खाली मुळांनी शोधायला लागतं आणि तिथे नुसतं पाणी.

माझ्या मुलीची भेंडी अशीच गेली. सहाव्या दिवशी उगवली तेव्हा ती नाचली होती, आणि तिसऱ्या आठवड्यात खालची पानं पिवळी पडायला लागली. रोज शाळेतून आल्यावर विचारायची, "आई, तिला बरं नाहीये का?" आणि मी पाणी वाढवत गेले. खरं तर नत्र (नायट्रोजन) मिळेना म्हणून झाड जुन्या पानांतलं काढून वरच्या नव्या पानांना देत होतं, म्हणून तर पिवळं खालून पडतं.

मेथीमुळे हा गैरसमज अजून पक्का होतो, कारण ती आपण वीस-पंचवीस दिवसांत कापतो, तिला फार जेवण लागतच नाही. मेथी आली म्हणून टोमॅटो येईल असं नसतं. आणि लहान मुलांच्या बागकामाच्या किटमध्ये टोमॅटोचं बी देणं मला अजिबात पटत नाही, फळ दिसेपर्यंत दोन-अडीच महिने, चार वर्षांचं पोर इतकं थांबेल का?

कोकोपीटची दाबून केलेली सुकी वीट मात्र मुलांनाच भिजवू द्या, बादलीत ती फुगताना बघणं त्यांना जाम आवडतं. ते पाणी चहाच्या रंगाचं होतं, त्यात क्षार असतात, दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या. मग दोन भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट, आणि नंतर दर पंधरा दिवसांनी मूठभर कंपोस्ट वरून. मुलांना पाणी घालायचा सोस असतो आणि कोकोपीट वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं, म्हणून आधी बोट दोन पेरं आत घालून बघायची सवय लावा. नंतर हात साबणाने.

भेंडी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेरलीत तर एप्रिलअखेर, सुट्टी लागता लागता, पहिली भेंडी येते. ती बोटाएवढी झाली की मुलांकडूनच तोडून घ्या, अजून मोठी होऊ दे म्हणून ठेवलीत तर निबर होते.