गेमिंगसाठी ओएलईडी की एलसीडी: हा वाद इथवर कसा आला

ट्यूबच्या टीव्हीवर गेम खेळणाऱ्याला लॅगचा, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतच्या उशिराचा, विचारच करावा लागत नव्हता. बटण दाबलं की लगेच पडद्यावर, आणि हलणारं चित्रही एकदम स्वच्छ. मग मागच्या दिव्याच्या उजेडावर चालणारे एलसीडी आले, मोठे आणि पातळ, पण पिक्सेल सावकाश बदलायचे, वर टीव्हीचं पिक्चर प्रोसेसिंग मध्ये वेळ खायचं. हे प्रोसेसिंग कमी करणारा गेम मोड आला तो यासाठीच. २०१४ च्या आसपास प्लाझ्मा बंद पडले आणि खरी निवड एलसीडी आणि ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो) या दोघांतच उरली.

५५ इंची ओएलईडी २०१३ मध्ये बाजारात आले तेव्हा गेमर्स काही त्यांच्यावर तुटून पडले नव्हते. काळा रंग अप्रतिम, पिक्सेल एका मिलिसेकंदाच्या आत बदलणार, पण सुरुवातीच्या मॉडेल्सचा इनपुट लॅग चांगल्या एलसीडीपेक्षा जास्त होता, किंमत प्रचंड होती आणि स्कोअर किंवा मॅप तासनतास एकाच जागी राहिला तर पडद्यावर कायमचा डाग पडेल ही भीती होतीच. पुढच्या तीन-चार वर्षांत लॅग बराच खाली आला.

पण ओएलईडीला गेमिंगमध्ये जे नाव मिळालं ते माझ्या मते पॅनलइतकंच मागच्या पोर्टमुळे मिळालं, आणि तिथेच सगळा घोळ आहे. हा पोर्ट म्हणजे कन्सोल जोडायचा एचडीएमआय. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, म्हणजे ४के ६० हर्ट्झपर्यंत (सेकंदाला ६० चित्रं) ठीक. नोव्हेंबर २०१७ मध्ये २.१ चं स्पेसिफिकेशन आलं, ४८ गिगाबिट, ४के १२०, व्हीआरआर (गेमच्या फ्रेमरेटप्रमाणे पडद्याचा रिफ्रेश रेट बदलणं), ऑटो लो लेटन्सी (गेम मोड आपोआप चालू होणं) सगळं त्यात. २०१९ मध्ये काही ओएलईडी टीव्हींनी चारही पोर्ट पूर्ण ४८ चे दिले, तेही नवे कन्सोल यायच्या वर्षभर आधी. २०२० मध्ये त्याच मालिकेत ते ४० वर आणले तेव्हा केवढी आरडाओरड झाली, पण १० बिटमध्ये पूर्ण रंगांसह ४के १२० ला ४० च्या आसपासच लागतात, आणि त्या नोव्हेंबरात आलेला एक्सबॉक्स सिरीज एक्स जास्तीत जास्त ४० देतो, प्लेस्टेशन ५ तर ३२ च. म्हणजे कन्सोलवाल्यांचं काहीच अडलं नाही.

ओरडायला हवं होतं ते २०२१ च्या शेवटी. मानक सांभाळणाऱ्या संस्थेने तेव्हा स्पष्ट केलं की २.० आता वेगळं राहिलेलंच नाही, ते २.१ मध्येच आलं, नव्या वस्तूंना २.१ च म्हणायचं, आणि २.१ मधली नवी फीचर्स सगळी ऐच्छिक, कंपनीने फक्त कोणती दिलीत ते सांगायचं. संस्थेची बाजू अशी की मानकं नेहमी अशीच चालतात, जुनं नव्यात सामावतं. असेल, पण ग्राहक खोक्यावर २.१ वाचतो आणि आत ६० हर्ट्झचं पॅनल निघतं, व्हीआरआर नाही, फक्त ऑटो लो लेटन्सी आहे, तरी नियमाने ते २.१ च! याचा फटका मुख्यतः स्वस्त एलसीडी घेणाऱ्यांना बसला, कारण ओएलईडीत एखाद-दुसरी स्वस्त मालिका सोडली तर पॅनल १२० हर्ट्झचंच असायचं. चांगल्या एलसीडीतही बऱ्याचदा चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण ताकदीचे, आणि त्यातला एक ईआर्कचा (टीव्हीचा आवाज बाहेर देणारा), म्हणजे साउंडबार तिथे लावला की दोन कन्सोलवाला अडकलाच. यात एलसीडी तंत्राचा दोष काहीच नव्हता, पण तुलना कायम अशीच होत राहिली.

ब्लरचंही, म्हणजे हलणारं चित्र पुसट दिसण्याचंही, तसंच. ओएलईडीचा पिक्सेल कितीही झटपट बदलला तरी ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर तशीच उभी असते, डोळा पुढे सरकतो आणि चित्र पुसट होतं, १२० ला तो वेळ ८.३ वर येतो. एलसीडीत यावर पिक्सेलचा स्वतःचा उशीर वाढतो, व्हीए नावाच्या एलसीडी पॅनलमध्ये अंधाऱ्या सीनला तर काळी शेपूट स्पष्ट दिसते.

२०२१ पासून मिनी एलईडीने, म्हणजे पडद्यामागच्या अगदी बारीक दिव्यांनी, एलसीडीला चांगलाच जीव दिला, उजेडाच्या खोलीत आणि मोठ्या पांढऱ्या दृश्यांत ते आजही पुढे आहेत, कारण पडदा भरून पांढरं आलं की ओएलईडी स्वतःच ब्राइटनेस उतरवतो. २०२२ मध्ये क्वांटम डॉट (रंग शुद्ध करणारे अतिसूक्ष्म कण) वापरणारे ओएलईडी आले, रंग जास्त तेजस्वी झाले. डागाची भीती पिक्सेल शिफ्ट (चित्र किंचित सरकवत राहणं), लोगो डिमिंग (स्थिर लोगो मंद करणं) यामुळे कमी झाली, पण रोज तोच एक गेम खेळणाऱ्याने ती मनातून काढू नये. आणि व्हीआरआर चालू असताना फ्रेमरेट वरखाली झाला की ओएलईडीवर गडद भाग लुकलुकतात, कारण पॅनलचा गॅमा (गडद ते उजळ छटांचं प्रमाण) ठरावीक रिफ्रेश रेटला जुळवलेला असतो. अपडेट्सनी ते कमी झालंय, गुहेतल्या सीनला अजून दिसतं.