आघात, दीर्घकालीन वेदना आणि मालिशोपचार

दुखणाऱ्या शरीरावर हाताने दाब देणे, चोळणे, ताणणे किंवा हलका स्पर्श करणे यांतून केलेल्या उपचाराला मालिशोपचार म्हणतात. काही रुग्णांचे दुखणे महिनोन्‌महिने हटत नाही आणि त्यांच्या आयुष्यात अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, अतिशय अवघड बाळंतपण किंवा बालपणीची हिंसा असा आघातही होऊन गेलेला असतो. त्यांच्या बाबतीत नेहमीची पद्धत पुरत नाही आणि कधी कधी ती अपायही करते. या रुग्णांच्या शरीराशी काय होणार हे एकदा दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेले असते. म्हणून आपल्या अंगाला कुठे, किती आणि केव्हा हात लागेल हे ठरवण्याचा अधिकार दर भेटीत रुग्णाकडेच राहील हे पाहणे, हे मालिश करणाऱ्याचे पहिले काम आहे. हाताचे कौशल्य त्यानंतर येते.

वेदना टिकून का राहते

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ साली केलेली आणि २०२० साली सुधारलेली व्याख्या वेदनेला संवेदनेचा आणि भावनेचा मिळून येणारा अनुभव मानते. ऊतींना झालेल्या इजेशी या अनुभवाचा संबंध असतो किंवा तो तशा इजेसारखा जाणवतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेली किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना दीर्घकालीन समजली जाते. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान मिळाले. कारण सापडत नाही म्हणून 'मनाचे खेळ' असे शेरे ऐकत आलेल्या रुग्णांसाठी ही मोठी गोष्ट होती.

रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली एक सिद्धांत मांडला. इजेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत अडवले जातात किंवा वाढवले जातात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी प्रयोगातून दाखवले की इजेच्या संदेशांचा सतत मारा झाला की मज्जारज्जूतील चेतापेशीच अतिसंवेदनशील होतात. जखम भरून येते, पण यंत्रणा तापलेलीच राहते. मग साधा स्पर्श, ब्लाउजची शिवण किंवा पंख्याचा वारासुद्धा टोचतो. रुग्ण नाटक करत नसतो. त्याच्या चेतासंस्थेने धोक्याची पातळीच खाली आणलेली असते.

आघातही याच यंत्रणेवर काम करतो. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालपणीचे छळ व हेळसांड आणि प्रौढपणीचे आजार यांचा चढत जाणारा संबंध दिसला. त्यानंतरच्या संशोधनात दीर्घकालीन वेदनेच्या बाबतीतही असाच संबंध आढळला आहे. २००१ साली टिमथी शार्प आणि ॲलिसन हार्वी यांनी आघातोत्तर ताण आणि वेदना एकमेकांना कसे पोसतात हे मांडले. दुखले की प्रसंग आठवतो, आठवला की अंग आवळते, आवळले की आणखी दुखते. झोप उडते आणि माणूस हालचाल टाळू लागतो. अपघातानंतर दुचाकीवर न बसणारी आणि मान वळवायलाही घाबरणारी बाई या चक्रात अडकलेली असते. तिची नुसती मान चोळून ते सुटत नाही.

स्पर्शाने काय साधते

केसाळ त्वचेत काही सावकाश वाहणारे चेतातंतू असतात. सेकंदाला सुमारे १ ते १० सेंटीमीटर वेगाने, शरीराच्या उष्णतेइतक्या उबदार हाताने केलेल्या हलक्या स्पर्शाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांचे संदेश मेंदूतील भावनांशी निगडित भागाकडे जातात. सावकाश, अंदाज बांधता येईल असा स्पर्श सुखावतो यामागे हे एक कारण आहे. मात्र स्पर्श कुणाचा आणि कोणत्या प्रसंगातला, यावर त्याचा अर्थ ठरतो. नकोशा हाताचा हलका स्पर्शही अंगावर काटा आणतो.

फायद्याचे पुरावे आहेत, पण ते माफक आहेत. कंबरदुखीवरील २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (एकाच विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) २५ चाचण्या तपासल्या गेल्या. मालिशीने थोड्या काळापुरता आराम पडतो असे दिसले, पण पुराव्याचा दर्जा कमी होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दीर्घकालीन कंबरदुखीसाठी समजावणी, व्यायाम आणि मानसोपचारांच्या बरोबरीने मालिशीलाही जागा मिळाली आहे. चिंता आणि उदासी मालिशीने कमी होते याचे पुरावे त्यापेक्षा बरे आहेत. मालिशीने कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक भराभर उतरते हा दावा मात्र २०११ च्या एकत्रित विश्लेषणात टिकला नाही. तो परिणाम अगदी नगण्य निघाला. 'विषारी द्रव्ये बाहेर पडतात' या बोलण्यालाही आधार नाही.

आघात स्नायूंत साठून राहतो आणि खोल दाबाने तो 'मोकळा' होतो, ही समजूत जास्त नुकसान करते. ती मानणारा थेरपिस्ट रुग्णाच्या रडण्याला यश समजतो आणि आणखी जोर लावतो. मालिश चालू असताना रडू येऊ शकते आणि त्यात वाईट काही नाही. पण ते मुद्दाम घडवून आणणे हा उपचार नव्हे.

पहिली भेट

अमेरिकेच्या व्यसन व मानसिक आरोग्य सेवा प्रशासनाने २०१४ साली आघाताचे भान ठेवून सेवा देण्याची तत्त्वे मांडली. सुरक्षितता, पारदर्शकता, सहकार्य आणि रुग्णाची निवड ही त्यांतली मुख्य. मालिशीच्या खोलीत ती फार साध्या गोष्टींतून उतरतात.

सुरुवातीचे बोलणे रुग्ण कपड्यांत आणि खुर्चीवर बसलेला असताना व्हावे, टेबलावर आडवा झाल्यावर नव्हे. 'तुमच्यावर कधी अत्याचार झाला आहे का?' असे थेट विचारण्याची गरज नसते. 'हात लावलेला आवडत नाही अशी एखादी जागा आहे का? कुठल्या अवस्थेत पडल्यावर अस्वस्थ वाटते का? काही कारण सांगायची गरज नाही', एवढे पुरे. रुग्णाने स्वतःहून काही सांगितले तर ऐकावे, विश्वास ठेवावा, पण खोदून विचारू नये. तो तपशील मालिशीसाठी लागत नाही.

दार कुठे आहे, आतून कडी लावली आहे का, बाहेर कोण आहे, सोबत आणलेल्या माणसाला आत बसता येईल का, थेरपिस्ट बाई हवी की पुरुष, किती वेळ लागेल, कोणते कपडे काढावे लागतील आणि न काढताही उपचार होतो का, हे सगळे आधीच सांगावे. पालथे पडून तोंड टेबलाच्या खाचेत घातले की मागचे काही दिसत नाही. अनेक आघातग्रस्तांना नेमके हेच सहन होत नाही. कुशीवर, उताणे किंवा खुर्चीत बसूनही चांगली मालिश होते. गळ्यापुढचा भाग, पोट, मांडीची आतली बाजू आणि नितंब यांना वेगळी परवानगी न घेता हात लावू नये. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात मसाज थेरपी हा कायद्याने नियंत्रित आरोग्यव्यवसाय आहे आणि तिथे ठरावीक नाजूक भागांच्या उपचाराआधी लेखी संमती घ्यावी लागते.

हात ठेवल्यापासून

परवानगी एकदाच घेऊन संपत नाही. पाठीवरून खांद्याकडे जाताना 'आता डाव्या खांद्यावर येतेय, चालेल?' असे विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. ० ते १० च्या मापात दाब किती वाटतो हे रुग्णाला सांगू द्यावे आणि तो ४-५ च्या वर जाऊ देऊ नये. 'दुखल्याशिवाय बरं वाटत नाही' म्हणत रुग्ण स्वतःच 'जोर लावा' असा आग्रह धरतो, आणि अतिसंवेदनशील झालेल्या शरीराला त्याची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजावी लागते. पहिल्या खेपेला वीस-पंचवीस मिनिटे आणि एकच भाग पुरेसा असतो. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न 'नंतरचे दोन दिवस कसे गेले?' हा असावा आणि त्यावरून मात्रा ठरवावी.

सर्वांत अवघड असते ते गप्प बसणे ओळखणे. धोका जाणवला की काही माणसे पळतात, काही भांडतात, तर अनेक जण गोठतात. मोठ्या माणसापुढे, वैद्यापुढे 'नको' न म्हणण्याची आपल्याकडची सवय त्यात भर घालते. श्वास रोखला गेलाय, पायाची बोटे आवळली आहेत, हात गार पडलेत, डोळे एकाच ठिकाणी खिळलेत आणि प्रश्नाला 'हं, ठीक आहे' एवढेच उत्तर येतेय, तर ती संमती नाही. हात थांबवावा, सावकाश उचलावा आणि थांबलो आहोत हे सांगावे. म्हणूनच बोलता आले नाही तरी थांबवता येईल अशी खूण, उदाहरणार्थ टेबलावर दोनदा हात आपटणे, आधी ठरवलेली असावी. ती पहिल्याच दिवशी एकदा वापरूनही पाहावी. खूण केली आणि हात खरोखर लगेच थांबला, हा अनुभव पुढच्या सगळ्या उपचाराचा पाया असतो.

रुग्ण जुन्या प्रसंगात ओढला गेला तर त्याचे नाव घेऊन शांतपणे बोलावे. डोळे उघडायला, उठून बसायला, पाय जमिनीवर टेकवायला सांगावे. आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, हे सांगावे. अंगावर चादर नीट घालावी. न विचारता पाठ थोपटू नये. मालिश तिथेच संपवायची की पुढे चालू ठेवायची, हे रुग्णाने ठरवावे.

शेवटची पाच-दहा मिनिटे हालचालीसाठी राखणे फायद्याचे ठरते. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली केलेल्या आढाव्यातून दिसते की दुखण्याच्या भीतीने टाळलेली हालचाल माणसाला जास्त अधू करते. अंग थोडे सैल झालेले असताना वाकून चप्पल घालणे, मांडी घालून बसणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे अशी एखादी टाळलेली क्रिया जमेल तेवढी करून पाहिली, तर तो आराम घरापर्यंत टिकण्याची शक्यता वाढते.

शब्दांनी होणारी इजा

'नस दबली आहे', 'गादी सरकली आहे', 'मणका झिजला आहे', 'केवढ्या गाठी झाल्यात तुमच्या पाठीत!' ही वाक्ये आपल्याकडे सहज बोलली जातात. ऐकणाऱ्याला वाटते की आपले शरीर मोडकळीला आले आहे, आणि तो आणखी आवळून बसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा लोकांचे स्कॅन तपासले गेले. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत मणक्यांमधील चकत्यांची झीज आढळली. म्हणजे झीज हा बहुतांश वयाचा भाग आहे आणि तिच्यावरून वेदना मोजता येत नाही. 'इथे स्नायू जरा ताठ लागतोय, तुम्हाला कसं वाटतंय?' हे वाक्य खरे आहे आणि घाबरवतही नाही. 'दुखणं खरं आहे, पण दुखतंय म्हणजे प्रत्येक वेळी इजाच होतेय असं नाही', हे न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

मर्यादा

लघवी अडकणे किंवा तिच्यावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, पायातील ताकद अचानक जाणे, ताप, विनाकारण वजन उतरणे, पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असणे, रात्री झोपूनही न थांबणारे दुखणे, यांपैकी काही असेल तर मालिश न करता रुग्णाला डॉक्टरकडे पाठवावे. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखरेपणा असेल तर ती चोळणे धोक्याचे आहे. शिरेत गुठळी झालेली असू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा हाडे ठिसूळ असतील तर खोल दाब टाळावा.

मालिश करणारा समुपदेशक नसतो. आघाताच्या आठवणींवर काम करण्यासाठी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ लागतो आणि मालिश त्याच्या जोडीने चालू शकते. भारतात टेलि-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. जीवाचे बरेवाईट करण्याचे बोलणारा रुग्ण समोर असेल तर 'पुढच्या आठवड्यात भेटू' म्हणून त्याला सोडू नये. असे प्रसंग वारंवार ऐकणाऱ्या थेरपिस्टच्या मनावरही ओझे साचते. त्यालाही अनुभवी सहकाऱ्याशी, रुग्णाचे नाव न सांगता, बोलता आले पाहिजे.

महाराष्ट्रात

मालिश इथे नवी नाही. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान, कोल्हापूरच्या तालमींतील पैलवानांची रगड, आयुर्वेदातील स्नेहन, हाडवैद्याचा हात, आणि बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना तेल लावायला येणारी बाई, या सगळ्यांचा मिळून मोठा अनुभव आहे. यांतला शेवटचा प्रसंग विशेष लक्ष देण्याजोगा वाटतो. बाळंतपणात जिवावर बेतलेली, टाके पडलेली, दवाखान्यात ओरडून घेतलेली मुलगी माहेरी येते आणि दुसऱ्याच दिवसापासून तिचे पोट, कंबर, मांड्या जोरात चोळल्या जातात. तिला नको असेल हे कुणाच्या मनातही येत नाही, कारण सगळ्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. अनेक जणींना ही मालिश फार आवडते. जिला आवडत नाही तिला 'आज फक्त पाय चोळा' असे म्हणायची मुभा घरातल्यांनी दिली पाहिजे, आणि मालिशवाल्या बाईंनीही 'कुठं लावू गं?' असे विचारायला हरकत नाही.

राज्यात भौतिकोपचार (फिजिओथेरपी) आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) तज्ज्ञांसाठी परिषद आहे. मालिश करणाऱ्यांना मात्र अशी सक्तीची नोंदणी नाही. त्यामुळे एकाच पाटीखाली पंचकर्म केंद्रात शिकलेला, स्पामध्ये चार आठवडे काम केलेला आणि वडिलांच्या हाताखाली वीस वर्षे तयार झालेला असे तिघेही सापडतात. संमती, नाजूक भाग आणि तक्रार कुठे करायची याविषयी त्यांपैकी कुणालाच लेखी नियम बांधत नाहीत. काही रुग्णालयांच्या वेदनाशामक व उपशामक (पॅलिएटिव्ह) विभागांत भौतिकोपचारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि डॉक्टर एकत्र काम करतात. मालिश करणाऱ्याला या चमूत सहसा जागा नसते, जरी रुग्णाच्या अंगाला सर्वांत जास्त वेळ त्याचाच हात लागत असला तरी.