सहभागी अंदाजपत्रक : सभेकडून मतपेटीकडे

परिसरातील कामांची यादी समोर ठेवायची, रहिवाशांनी त्यांतून आपल्या पसंतीच्या कामांना मते द्यायची आणि ठरलेल्या रकमेत जेवढी बसतील तेवढी कामे हाती घ्यायची, हे सहभागी अंदाजपत्रकाचे आज सर्वाधिक परिचित रूप आहे. मात्र ज्या प्रयोगाकडे या पद्धतीचे जनकत्व जाते, त्यात मतपेटीला असे मध्यवर्ती स्थान नव्हते.

तो प्रयोग ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झाला. लष्करी राजवट संपून चार वर्षे झाली होती, १९८८ च्या राज्यघटनेने स्थानिक संस्थांच्या हाती अधिक महसूल दिला होता आणि वस्त्यांच्या संघटना काही वर्षांपासून पालिकेच्या खर्चावर अधिकार मागत होत्या. सुरुवातीची वर्षे निराशेची गेली, कारण उत्पन्नाचा फार मोठा भाग पगारांवर जात असल्याने लोकांनी ठरवलेल्या कामांसाठी पैसाच उरत नव्हता. करवसुलीची घडी बसल्यानंतरच सभांमधील गर्दी वाढली. शहराचे सोळा विभाग करण्यात आले होते. प्रत्येक विभागाची सभा आपला अग्रक्रम ठरवी व प्रतिनिधी निवडी, आणि पुढची वाटणी एका सूत्राने होई. विभागाने कामाला दिलेला अग्रक्रम, तेथील लोकसंख्या आणि त्या सुविधेचा तेथे असलेला अभाव, असे त्या सूत्राचे तीन निकष होते. सांडपाण्याची सोय जेथे सर्वांत कमी, तेथे त्या कामासाठी अधिक गुण, असा हा सरळ हिशेब होता. १९९६ मध्ये इस्तंबूल येथील जागतिक वसाहत परिषदेच्या निमित्ताने या प्रयोगाची गणना अनुकरणीय उपक्रमांत झाली. त्यानंतर त्याचे नाव जगभर गेले. सूत्र मात्र फारच थोड्या ठिकाणी गेले.

परिसर पातळीवरील मतदानाची रीत रुळवण्यात शिकागोचा वाटा मोठा आहे. तेथील पन्नास प्रभागांच्या प्रतिनिधींना किरकोळ बांधकामांसाठी दरवर्षी ठरावीक निधी मिळतो. २००९ मध्ये एकोणपन्नासाव्या प्रभागाच्या प्रतिनिधीने आपल्या वाट्याचे सुमारे तेरा लाख डॉलर रहिवाशांच्या निर्णयावर सोपवले. स्वयंसेवकांच्या समित्यांनी सूचना गोळा केल्या, त्या तांत्रिक तपासणीतून नेल्या आणि एप्रिल २०१० मध्ये मतदान झाले. पुढील वर्षी न्यूयॉर्कमधील चार प्रतिनिधींनी हीच वाट धरली व प्रत्येकाने किमान दहा लाख डॉलर बाजूला काढले.

सभेऐवजी मतदान घेण्याचा जो निर्णय येथे झाला त्यावरचा वाद अजून संपलेला नाही, आणि तो बाह्यतः वाटतो तितका तपशिलाचा नाही. सभेऐवजी मतदान निवडल्याने ज्यांना रात्रीच्या तीन-तीन बैठकांना बसणे शक्य नाही, त्यांचा सहभाग सुकर झाला, हे समर्थकांचे म्हणणे खरे आहे. शिवाय हे मतदान कायद्याच्या दृष्टीने निवडणूक नव्हतेच. निधीवरील अंतिम अधिकार प्रतिनिधीकडेच राहिला होता आणि निकाल पाळण्याचे त्याने केवळ वचन दिले होते. नेमक्या याच कायदेशीर दुबळेपणामुळे मतदारयादीची अट गाळता आली. नागरिकत्व नसलेल्या रहिवाशांना मत मिळाले आणि न्यूयॉर्कमध्ये वयाची मर्यादा कालांतराने अकरा वर्षांपर्यंत खाली आली. ज्या प्रक्रियेला कायद्याचे बंधन नाही तीच सर्वांत खुली ठरावी, हा विरोधाभास या विषयाच्या चर्चेत क्वचितच पुरेशा गांभीर्याने मांडला जातो.

दुसरी बाजू वाटणीची आहे. शिकागोत प्रत्येक प्रभागाला सारखीच रक्कम मिळत असे, मग तेथील पदपथ सुस्थितीत असोत की उखडलेले. पोर्तो अलेग्रेच्या सूत्रातील ‘अभाव’ हा निकष त्यामुळे आपोआप बाद झाला, आणि ‘परिसर’ या शब्दाचा अर्थ समान गरजांची वस्ती असा न राहता निवडणुकीसाठी आखलेली हद्द असा झाला. निधी केवळ भांडवली, म्हणजे टिकाऊ बांधकामाच्या, कामांचा असल्याने मैदानाची डागडुजी मतदानाला ठेवता येते, पण त्या मैदानावर मुलांना शिकवणाऱ्याचे मानधन ठेवता येत नाही. अशा चौकटीत मते मोजण्याची पद्धत कितीही निर्दोष असली, तरी कशावर मत द्यायचे हे आधीच ठरलेले असते.

पॅरिसने २०१४ मध्ये वय व राष्ट्रीयत्वाची अट न ठेवता मतदान सुरू केले आणि शहराच्या भांडवली खर्चापैकी सुमारे पाच टक्के रक्कम त्याला जोडली. दोन वर्षांनी या निधीच्या दहा कोटी युरोंपैकी तीन कोटी कष्टकरी वस्त्यांसाठी राखून ठेवावे लागले. अभावाचा जो निकष वाटेत गळला होता, तो येथे राखीव रकमेच्या रूपाने परत आला.

खुद्द पोर्तो अलेग्रेमध्ये २००४ च्या निवडणुकीत सत्ताबदल झाल्यानंतर प्रयोगाचा कस हळूहळू कमी होत गेला आणि २०१७ मध्ये सभा स्थगित करण्यात आल्या. त्यानंतरच्याच वर्षी पोलंडने उलट दिशेने पाऊल टाकले. २०११ मध्ये सोपोत शहरात सुरू झालेली तेथील पद्धत २०१८ च्या कायद्याने मोठ्या शहरांना सक्तीची झाली. त्यासाठी खर्चाच्या किमान ०.५ टक्के रक्कम ठेवणे बंधनकारक आहे आणि लोकांनी निवडलेली कामे अंदाजपत्रकातून वगळण्यास पालिकेच्या सभागृहाला मनाई आहे. ही रक्कम शहरातील परिसरांमध्ये विभागण्याची मुभाही कायदा देतो.