बोहेमियन काचेचे पेपरवेट : ओळख आणि कालनिश्चिती

बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग. तिथे आणि शेजारच्या सायलेशियात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घडलेली भरीव काचेची पेपरवेट बाजारात सरसकट ‘बोहेमियन’ म्हणून विकली जातात. मात्र १८४२ साली सुरू झालेली योझेफिनेनह्यूट ही सायलेशियातली नामांकित काचभट्टी तेव्हा प्रशिया या जर्मन राज्यात होती. ती जिथे होती ते गाव आता पोलंडमध्ये आहे. त्यामुळे जाणकार ‘बोहेमियन-सायलेशियन’ असे जोडनाव घेतात आणि तेच रास्त आहे.

तपासणीची सुरुवात वजनापासून करावी. बोहेमियाची परंपरागत काच वाळू, पोटॅश आणि चुन्याची. बाकारा आणि सँ-लुई या फ्रेंच कारखान्यांच्या काचेत शिसे असल्याने तेवढ्याच आकाराचे फ्रेंच पेपरवेट हाताला जड लागते. हाताचा भरवसा नसेल तर दोऱ्याला टांगून आधी हवेत, मग पाण्यात बुडवून तोलावे. हवेत ६०० ग्रॅम भरलेली वस्तू पाण्यात ३६० भरली, तर २४० ग्रॅमची घट आणि घनता ६०० भागिले २४०, म्हणजे २.५. शिशाची काच ३ च्या आसपास किंवा त्याच्याही वर जाते. पण एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण १९३०च्या दशकात चीनमध्ये झालेल्या नकलाही हलक्याच आहेत. त्यांची काच बहुधा पिवळट किंवा हिरवट दिसते आणि आतली नक्षी ओबडधोबड असते.

मिलेफिओरी प्रकारात रंगीत काचकांड्यांच्या चकत्या फुलांसारख्या मांडलेल्या असतात. एखाद्या चकतीत १८४८ हा आकडा दिसला की घेणारा हरखतो. बोहेमियन-सायलेशियन कामात तो आढळतो हे खरे, पण बाकाराच्या पेपरवेटांतही १८४८ नेहमी दिसते. आकडा साल सांगतो, गाव सांगत नाही.

लाल पेपरवेट कडेने पाहावे. फ्रीडरिश एगरमान या बोहेमियन काचकारागिराने १८३२च्या सुमारास लाल रंगाचा पातळ लेप काचेवर भाजून बसवण्याची रीत काढली. कोरीवकामाने लेप खरवडला गेला की खालची पांढरी, नितळ काच उघडी पडते. अशी वस्तू त्या सालाच्या आधीची असूच शकत नाही.

सर्वांत देखणी, आणि माझ्या मते अकारण दुर्लक्षित, ती बुडबुड्यांच्या फुलांची पेपरवेट. ती बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आणि विसाव्याच्या सुरुवातीची. रंगीत काचेचा चुरा तापल्या गोळ्यावर चिकटवतात, टोकदार हत्याराने टोचे मारतात आणि वरून वितळलेल्या काचेचा नवा थर घेतात. टोचा पडतो तिथे रंग आत ओढला जाऊन पाकळीला खोलगट आकार येतो आणि कोंडलेली हवा दवबिंदूसारखी चमकत राहते.

चिकटवलेली चिठ्ठी उरली असेल तर काम सोपे होते. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे झाले, म्हणून देशाचे नाव असलेली चिठ्ठी बहुधा त्यानंतरची. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर वस्तू १९१८ नंतरची. चिठ्ठी नसल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही. त्या सहज गळून पडतात.

शेवटी भिंगाखाली तळ बघावा. वर्षानुवर्षे टेबलावर सरकलेल्या काचेच्या टेकणाऱ्या कडेवर सर्व दिशांना गेलेले बारीक, कमी-जास्त खोल ओरखडे असतात. सँडपेपरने मुद्दाम आणलेले ‘जुनेपण’ एकाच दिशेच्या समांतर रेघांत दिसते, आणि बऱ्याचदा तळाच्या खोलगट मध्यभागीही, जिथे टेबल कधी टेकतच नाही.