ग्लिया पेशी संशयाच्या घेऱ्यात कशा आल्या

अल्झायमरच्या रोग्याच्या मेंदूत ग्लिया पेशीही, म्हणजे चेतापेशींच्या सोबतीला असणाऱ्या मेंदूतल्या इतर पेशीही, बदललेल्या असतात, हे खुद्द अलॉइस अल्झायमर यांनीच लिहून ठेवलं होतं. १९०७ सालच्या त्यांच्या छोट्याशा टिपणात चेतापेशींतले गुंते आणि पेशींबाहेर साचलेले थर यांच्या जोडीला ग्लिया पेशींत साठलेल्या चरबीचाही उल्लेख आहे. गुंते आणि थर पाठ्यपुस्तकांत गेले. चरबीचं ते वाक्य मात्र कित्येक दशकं मागे पडलं.

त्याला तेव्हाची समजूत कारणीभूत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुडॉल्फ फिरखो यांनी ग्लियाचं वर्णन केलं ते चेतापेशींच्या मधला भराव म्हणून, आणि भरावाकडे कोण बघतो! १९१९ मध्ये माद्रिदच्या पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवून मायक्रोग्लिया हा ग्लियाचाच एक प्रकार वेगळा काढला. या पेशी गर्भावस्थेत बाहेरून मेंदूत येतात, इजा झाली की फांद्या आखडून घेतात आणि मेलेल्या पेशींचे अवशेष गिळतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते किती अचूक होतं! गर्भाच्या पीतक पिशवीतून मायक्रोग्लिया येतात हे उंदरांमध्ये पक्कं व्हायला २०१० साल उजाडलं. ओर्तेगांच्या वाट्याला मात्र चेतापेशींचे नामवंत स्पॅनिश अभ्यासक काहाल यांच्या प्रयोगशाळेतून हकालपट्टी आली, पुढे यादवी युद्धामुळे देशही सुटला. १९४५ मध्ये ब्युनोस आयर्स इथे ते वारले.

दुसरी अडचण प्रतिकारशास्त्रातली. मेंदूत केलेलं परक्या ऊतीचं रोपण शरीर सहजी नाकारत नाही, हे पीटर मेडावार यांनी १९४८ मध्ये सशांवर दाखवलं. त्यावरून मेंदू हा प्रतिकारयंत्रणेच्या कक्षेबाहेरच आहे, असा जरा जास्तच ताणलेला निष्कर्ष रूढ झाला. मेंदूच्या आवरणांत प्रतिकारपेशींची ने-आण करणाऱ्या लसिकावाहिन्या आहेत हे उंदरांमध्ये ठामपणे दिसलं ते थेट २०१५ मध्ये.

मधल्या काळात व्हँकुव्हरच्या पॅट्रिक आणि इडिथ मॅकगीर यांनी १९८८ मध्ये पार्किन्सन आणि अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूत सक्रिय मायक्रोग्लिया, म्हणजे दाहाची खूण, दाखवल्या. दाहशामक औषधं नेहमी घेणाऱ्या संधिवाताच्या रोग्यांत अल्झायमर कमी आढळतो, अशा निरीक्षणांची त्यात भर पडली आणि दाहशामक गोळ्यांनी आजार टळेल अशी आशा निर्माण झाली. नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहशामक औषधांची मोठी चाचणी २००१ मध्ये सुरू झाली, २००४ च्या अखेरीस उपचार थांबवावे लागले, फायदा काही दिसला नाही. माझ्या मते चूक दाहाकडे लक्ष देण्यात नव्हती, सगळा दाह एकाच मापाने मोजण्यात होती.

संशयाला पुरावा मिळाला तो जनुकशास्त्रातून. २०१३ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका साधारण तिपटीने वाढवतो. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियांमध्येच काम करतं. म्हणजे या पेशी आजार झाल्यावर नुसत्या जमा होत नाहीत, तो होण्यातच त्यांचा हात असू शकतो. शिवाय हा बदल पेशीचं काम मंदावणारा आहे. इथे धोका वाढतो तो पेशी कमी पडल्यामुळे, चवताळल्यामुळे नव्हे.

उलट बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अल्झायमरसदृश उंदरांत दाखवलं की पेशींबाहेर अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचण्याआधीच मायक्रोग्लिया चेतापेशींमधले सांधे गिळू लागतात. वाढत्या मेंदूतली नको असलेली जोडणी छाटण्याचीच ही यंत्रणा, चुकीच्या वयात पुन्हा सुरू झालेली. २०१७ मध्ये तर मायक्रोग्लियांच्या स्रावांमुळे अ‍ॅस्ट्रोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या ग्लिया पेशी चेतापेशींना मारक बनतात, असंही प्रयोगांत दिसलं.

त्यामुळे औषध या पेशींना आवरणारं हवं की चेतवणारं, यावर अजून एकमत नाही. ट्रेम-२ ला चालना देणारं एएल००२ हे प्रतिपिंड सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये वापरून पाहिलं गेलं. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या निकालात त्याने आजाराची गती कमी केली नाही.