वन्यप्राण्यांमधला रेबीज

रेबीज म्हणजे आपल्याकडे ज्याला पिसाळणं म्हणतात तो आजार. पिसाळणं म्हटलं की डोळ्यासमोर कुत्राच येतो आणि त्यात चूक काही नाही, कारण जगात रेबीजने जी माणसं मरतात त्यातली ९९ टक्के कुत्र्याच्या चाव्यानेच मरतात. पण हा व्हायरस एकट्या कुत्र्याचा नाही, अंगावर केस असलेल्या आणि पिल्लांना दूध पाजणाऱ्या कुठल्याही प्राण्याला तो होऊ शकतो, म्हणजे कोल्हा, लांडगा, खोकड, मुंगूस, तरस, माकड, बिबट्या सगळे आले. साप, पाल, पक्षी यांचा यात संबंध नाही. आपल्या जुन्या वैद्यांना हे चांगलं माहीत होतं, सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात या विषाबद्दल लिहिताना कुत्र्याच्या जोडीला कोल्हा, तरस, अस्वल आणि वाघ यांचीही नावं घेतलीत आणि चावा झालेला माणूस पाण्याला घाबरायला लागला की तो हातचा गेला असंही स्पष्ट सांगितलंय. दुसरी गोष्ट आजही तशीच आहे, लक्षणं सुरू झाल्यावर वाचलेले लोक जगभरात हातावर मोजण्याइतके.

व्हायरस लाळेत असतो, चाव्यातून मांसात शिरतो, तिथून नस पकडतो आणि नसेनसेने मेंदूकडे सरकतो, रक्तातून नाही. म्हणून वेळ लागतो, साधारण एक ते तीन महिने, कधी आठवडाभर तर कधी वर्षाच्या वर. चावा जितका मेंदूच्या जवळ तितका हा वेळ कमी, आणि जंगली प्राण्याच्या बाबतीत हेच जास्त महागात पडतं कारण लांडगा किंवा कोल्हा अंगावर आला की बऱ्याचदा तोंड, मान, हात इथेच फाडतो.

प्रत्येक देशात हा आजार टिकवून धरणारा प्राणी वेगळा. युरोपात तो लाल खोकड होता, ज्याला ते फॉक्स म्हणतात (आपला कोल्हा वेगळा, तो जॅकल, आणि मराठी बातम्यांमध्ये दोघांचा कायम घोळ असतो). तिथे १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यांमध्ये लस भरून ती रानात टाकली, खोकडांनी ती खाल्ली आणि आजार पुढे सरकायचा थांबला, मग हीच आयडिया पुढे विमानातून आणि फॅक्टरीत बनवलेल्या आमिषांमधून पश्चिम युरोपभर वापरली आणि तिथला खोकडांमधला रेबीज जवळपास संपलाच. अमेरिकेत वटवाघूळ, रकून, स्कंक. वटवाघळाचा दात इतका बारीक की चावलेलं कळतही नाही म्हणून तिकडे खोलीत वटवाघूळ सापडलं तरी डॉक्टरकडे पळतात. आपल्याकडे वटवाघळामुळे माणसाला रेबीज झाल्याचं पक्कं सिद्ध झालेलं नाही. मुंगसाची गोष्ट तर आपल्याच देशाशी जोडलेली आहे: १८७२ मध्ये जमैकात उसातले उंदीर मारायला भारतातून मुंगसं नेली, तिथून ती आजूबाजूच्या बेटांवर पसरली आणि आज प्वेर्तो रिको, क्युबा, ग्रेनाडा इथे रेबीज टिकवून ठेवणारा मुख्य जंगली प्राणी हेच आपलं मुंगूस आहे. उंदीर काही संपले नाहीत ते वेगळंच.

भारतात मात्र आजाराचं घर म्हणजे गावातला आणि रस्त्यावरचा कुत्रा. कोल्हे-लांडग्यांना तो बहुतेक वेळा कुत्र्याकडूनच लागतो, कचऱ्याच्या ढिगावर किंवा मेलेल्या जनावरावर दोघांची भांडणं होतात तिथे. म्हणून कोल्हे मारून रेबीज कमी होईल ही समजूत माझ्या मते पूर्णपणे उलटी आहे, कुत्र्यांचं लसीकरण झालं तर कोल्ह्यांचंही आपोआप बरंच भागतं. मुंबईचंच बघा, ट्रॉम्बे-चेंबूरच्या खाडीकडच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे राहतात हे अर्ध्या मुंबईला माहीत नव्हतं, २०२४ मध्ये तिथले काही कोल्हे मेले आणि तपासणीत रेबीज निघाला तेव्हा कळलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला वस्ती, मधे कचरा आणि भटकी कुत्री, मग दुसरं काय होणार.

पिसाळलेला जंगली प्राणी ओळखायचा कसा तर सगळ्यात मोठी खूण म्हणजे त्याची भीती गेलेली असते. चांगला कोल्हा माणूस दिसला की पळतो, भर दुपारी अंगणात चालत येत नाही, गोठ्यात शिरून म्हशीला, मग कुत्र्याला, मग झोपलेल्या माणसाला असा दिसेल त्याला चावत सुटत नाही. तोंडाला फेस येतोच असं नाही. आणि दुसरा एक प्रकार असतो मुका, त्यात प्राणी नुसता सुस्त पडतो, मागचे पाय ओढतो, जबडा लोंबतो, लोकांना वाटतं बिचारा जखमी आहे, पोरं त्याला पाणी पाजायला जातात किंवा उचलून घरी आणतात, आणि खरा धोका इथेच आहे. माणसाळल्यासारखं वागणारं मुंगूस किंवा कोल्ह्याचं पिल्लू हातात घ्यायचं नाही, रीलसाठी तर अजिबातच नाही. (खाडीकाठचा एखादा कोल्हा वस्तीच्या सवयीने थोडा धीट असतो हेही खरं, प्रत्येक धीट कोल्हा पिसाळलेला नसतो.) बिबट्याचं नवल वाटतं, अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, तरी रेबीज झालेला बिबट्या क्वचितच ऐकू येतो. पण बिबट्याने ओरबाडलं तरी इंजेक्शनं पूर्ण घ्यायचीच.

लांडग्याचा चावा सगळ्यात वाईट हे डॉक्टरांना पहिल्यापासून माहीत होतं. रेबीजची लस काढणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने १८८५ च्या जुलैमध्ये कुत्रा चावलेल्या जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली, आणि पुढच्याच मार्चमध्ये रशियातल्या स्मोलेन्स्क भागातून पिसाळलेल्या लांडग्याने फाडलेले १९ जण त्याच्याकडे पॅरिसला येऊन पोचले, चावून बरेच दिवस झालेले, तरी १६ वाचले. पण लस एकटी पुरत नाही हे नीट कळलं ते १९५४ मध्ये इराणात. एकाच पिसाळलेल्या लांडग्याने एका गावातले २९ लोक फाडले, त्यातल्या १८ जणांना डोक्याला जखमा. या १८ मधले नुसती लस मिळालेल्या ५ जणांपैकी ३ गेले, लसीसोबत सीरम मिळालेल्या १३ पैकी फक्त १ गेला. लस अंगात ताकद तयार करायला आठवडा-दहा दिवस घेते, तोवर व्हायरसला रोखायला तयार अँटिबॉडी (व्हायरसशी लढणारे घटक) पाहिजेत, आणि तेच काम सीरम करतं. आज पीएचसीत किंवा सिव्हिलला जे जखमेतच टोचतात ते हे.

म्हणून भारतातल्या नियमात जंगली प्राण्याचा कुठलाही चावा थेट कॅटेगरी ३, म्हणजे सगळ्यात गंभीर गट, धरतात, आणि त्यात लस अधिक सीरम देतात. कुत्रा-मांजर चावलं तर १० दिवस त्यावर नजर ठेवायची आणि ते जिवंत, ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस थांबवता येतात (लस तोवर चालू ठेवायची असते, हे लोक विसरतात), पण कोल्हा चावून रानात गेला तर नजर कुणावर ठेवणार? वाट बघण्याचा प्रश्नच येत नाही. आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, कारण तीन मिनिटं झाली की पंधरा झाल्यासारखी वाटतात. मिरचीपूड, चुना, तंबाखू, हळद यातलं काही भरायचं नाही, जखम बांधायची नाही, शक्यतो टाकेही लगेच घालत नाहीत. मग दवाखाना. सीरम वजनावर मोजून जखमेत आणि तिच्या भोवती देतात, आणि लस दंडातल्या कातडीत ०, ३, ७, २८ या दिवशी किंवा स्नायूत ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. पोटात १४ इंजेक्शनं ही आजोबांच्या काळची भीती अजून लोकांच्या डोक्यात आहे, ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, कसौलीत डेव्हिड सेम्पलने १९११ मध्ये काढलेली, भारतात ती २००५ च्या सुमारास बंद झाली. आता १४ नाहीत आणि पोटातही नाहीत. वनखात्याचे लोक, रेस्क्यूवाले, जनावरांचे डॉक्टर यांनी चावा व्हायच्या आधीच लस घेऊन ठेवावी, मग चावा झाला तर दोनच डोस पुरतात आणि सीरम लागत नाही.

शेतकऱ्याला धोका चाव्याशिवायही असतो. कोल्ह्याने रात्री म्हशीला चावलं, कुणी बघितलं नाही, महिन्याभराने म्हैस चारा सोडते, लाळ गाळते, घोगरं ओरडते, आणि मालकाला वाटतं घशात काहीतरी अडकलंय म्हणून तो तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. हाताला कापलं-खरचटलेलं असतंच. अशा माणसाने त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, म्हैस मरेपर्यंत थांबायचं नाही. दुधाचं मात्र उगाच घाबरतात लोक, उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही, तरी एखादी म्हैस पिसाळून मेली की तिचं दूध किंवा खरवस खाल्लेलं अख्खं गाव इंजेक्शनच्या लाईनीत उभं राहतं. कच्चं दूध प्यायलं असेल तर डॉक्टरला सांगा, बाकीच्यांनी लाईन सोडली तर खरंच चावलेल्याला डोस मिळेल.

प्राणी मेलेला सापडला किंवा लोकांनी मारलाच तर त्याचं डोकं फुटलेलं नको, रेबीजची पक्की तपासणी मेंदूच्या तुकड्यावरच होते आणि आपल्याकडे पहिली काठी नेमकी डोक्यातच बसते, वर लगेच पेटवूनही देतात. हात न लावता वनखात्याला कळवायचं, महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा हॅलो फॉरेस्टचा नंबर आहे. तपासणीचा रिपोर्ट यायची वाट बघत इंजेक्शन मात्र थांबवत नाहीत.