मोटारीच्या दारात कापूस

शाडूची मूर्ती घडवताना काही कारागीर मातीत थोडा कापूस पिंजून मिसळतात. माती वाळताना आक्रसते आणि आक्रसताना तडकते. बोटं, कान, सोंडेचं टोक इथे आधी. कापसाचे तंतू त्या तड्याच्या आरपार आडवे येतात आणि दोन्ही कडा धरून ठेवतात. तडा पुढे सरकायचा तर तंतू तुटला पाहिजे, नाहीतर मातीतून उपसून निघाला पाहिजे, आणि दोन्हीला जोर लागतो. कंपोझिटचं, म्हणजे तंतू आणि त्यांना धरणारा माल यांच्या जोडीचं, निम्मं शास्त्र एवढंच आहे. फक्त मातीच्या जागी प्लास्टिक घ्यायचं.

पूर्व जर्मनीने हे मोटारीच्या बाबतीत केलं, आणि तेही हौसेनं नव्हे. महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली तेव्हा रूर खोऱ्यातले पोलादाचे कारखाने पश्चिमेकडे गेले. पूर्वेला पत्र्याची कायमची चणचण. हाताशी होता लिग्नाईट कोळसा, त्याच्या डांबरातून निघणारं फिनॉल, आणि सोव्हिएत युनियनमधून येणारा टाकाऊ, आखूड धाग्याचा कापूस. गादीवाला पिंजून पसरतो तशी त्या कापसाची पातळ लादी करायची, तिच्यावर फिनॉलच्या रेझिनची भुकटी भुरभुरायची, असे थर एकावर एक रचून तापलेल्या साच्यात दाबायचे. रेझिन आधी वितळून तंतूंमध्ये शिरतं आणि मग कायमचं कडक होतं. या मालाला त्यांनी ड्यूरोप्लास्ट म्हटलं. त्स्विकाऊ गावात १९५७ ते १९९१ या काळात बनलेल्या ट्राबांट गाडीचा सांगाडा पोलादाचा, पण टप, बॉनेट, दारांची बाहेरची बाजू ड्यूरोप्लास्टची. अशा तीस लाखांहून जास्त गाड्या निघाल्या.

लोक तिला ‘शर्यतीचा पुठ्ठा’ म्हणून हिणवत. माझ्या मते थट्टा करायचीच तर तिच्या धूर ओकणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाची करायला हवी होती. बाहेरची बॉडी हलकी होती आणि कधी गंजत नव्हती.

ड्यूरोप्लास्टची जोडी जमली कारण फिनॉलिक रेझिनचं आणि कापसाचं मुळातच गोत्र जुळतं. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या रेणूंच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, तसेच ते रेझिनवरही असतात, त्यामुळे दोघं एकमेकांना घट्ट धरतात. एकटं रेझिन ठिसूळ. म्हणूनच १९०७ साली लिओ बेकलंडने बेकेलाईट बनवलं तेव्हापासून त्यात लाकडाचा भुसा किंवा कापूस घालायची रीत पडली. वर्कशॉपमध्ये जिला सरसकट हायलम म्हणतात, त्या तपकिरी शीटची कापडी जात करवतीने कापून पाहा. कडेला विणलेल्या कापडाच्या रेघा एकाखाली एक दिसतात.

पंचाईत शेवटी झाली. १९९० नंतर पश्चिमेच्या गाड्या आल्या, ट्राबांट रस्त्याकडेला सोडून दिल्या गेल्या, आणि ड्यूरोप्लास्टचं करायचं काय हे कुणाला सुचेना. भाकरी भाजल्यावर पीठ परत मिळत नाही, तसं हे प्लास्टिक पुन्हा वितळत नाही. जाळलं तर विषारी धूर. काही माल दळून सिमेंटच्या फरसबंदीत भर म्हणून घालून पाहिला गेला.

म्हणून आता कापडगिरणीतल्या कापसाच्या कचऱ्यासाठी पुन्हा वितळणारं प्लास्टिक शोधलं जातं, आणि तिथे निवड फार अरुंद आहे. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे सेल्युलोज तपकिरी पडायला लागतं, करपल्याचा वास येतो. नायलॉन-६ वितळतं २२० ला, पॉलिस्टर २५० च्याही पुढे, दोन्ही बाद. उरतं पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी. ते १६५ च्या आसपास वितळतं. करपणं आणि वितळणं यांच्यामधल्या तेवढ्या फटीत सगळं काम उरकायचं.

वर स्वभाव जुळत नाही तो वेगळाच. पीपी तेलाच्या गोतातलं, पाण्याला जवळ न करणारं. कापूस साध्या हवेतलीही ओल शोषतो, आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के. नीट वाळवला नाही तर साच्यात वाफ होते आणि माल फुगतो. शिवाय तुकडा मोडून पाहिला तर तंतू प्लास्टिकमधून दाढी केल्यासारखे स्वच्छ बाहेर आलेले दिसतात, म्हणजे त्यांनी भार घेतलाच नाही. यावर मध्यस्थ नेमतात. पीपीच्याच काही साखळ्यांवर एक रसायन, मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडायचं आणि असं पीपी थोडंसं मिसळायचं. अ‍ॅनहायड्राइडचं टोक कापसाच्या हायड्रॉक्सिलशी बंध जोडतं, बाकीची साखळी पीपीत गुंतून राहते.

तरी एक अडचण प्रयोगशाळेपेक्षा कारखान्यात जास्त छळते: कापूस हॉपरमधून, म्हणजे यंत्राच्या माल ओतायच्या नरसाळ्यातून, खाली उतरतच नाही. गोळा होऊन तोंडाशी अडकतो, आणि उतरलाच तर एक्स्ट्रूडरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राचा, स्क्रू त्याचे तुकडे करतो. फार आखूड तंतू भर घालतो, बळ देत नाही. सोपी वाट जुनीच आहे. कापसाचे आणि पीपीचे तंतू एकत्र पिंजायचे, सुयांनी टोचून त्याचं फेल्ट करायचं आणि गरम दाबायचं. ट्राबांटवाल्यांची लादीच ती, आणि पिंजायचं मशीन कापड उद्योगाच्या घरचंच.

मात्र गिरणीत ‘कचरा’ हा शब्द जपून वापरावा. कोंबिंगमधून, म्हणजे कापूस विंचरताना, निघणारे आखूड तंतू, नॉईल, ओपन-एंड पद्धतीने जाडसर सूत काढणारे पैसे मोजून नेतात. सुताचा गुंता कॉटन वेस्ट म्हणून गॅरेजमध्ये हात पुसायला जातो. असा माल प्लास्टिकमध्ये घालणं मला उधळपट्टी वाटते. खरा पडून राहतो तो इचलकरंजी-भिवंडीसारख्या गावांतला मिश्र माल: रॅपिअर या बिनधोट्याच्या मागावर कापली जाणारी किनार, पॉलिस्टर-कॉटनची रंगीत कात्रणं. सूत काढणाऱ्याला मिश्रण नको असतं. इथे ते चालतं, कारण १८० अंशांना पॉलिस्टर वितळत नाही, तंतूच राहतं. ताठपणात कापूस काचतंतूच्या पाचव्या हिश्शालाही पोचत नाही, तेव्हा भार पेलणारा भाग यातून करू नये. पण तो तुटण्याआधी चांगला ताणला जातो, आणि दाराच्या आतल्या पॅनेलला किंवा डिकीच्या ट्रेला तेच हवं असतं: धक्का बसला तर ठिकऱ्या उडू नयेत.

या मालाचा धाकटा भाऊ अनेक गाड्यांच्या बॉनेटखाली सापडतो. आवाज आणि उष्णता अडवणारं ते करडं फेल्ट. चिंध्या पिंजून, थोडं रेझिन घालून दाबलेलं. कोपरा झिजलेला असेल तिथे बघा, मध्येच एखादा लाल, एखादा निळा धागा दिसेल. करडा रंग कुणी दिलेला नसतो. शेकडो कपड्यांचे रंग एकत्र पिंजले की तोच निघतो.